बाईंचा कोरा चहा

आमच्या बाईंच्या अस्थी नाहीत. त्या गेल्याचं कळल्यावर शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचे फोन आले आणि बहुतेक सगळ्यांनी शेवटी हेच विचारलं, की अस्थी आळंदीला नेणार का आणखी कुठं? मी सांगायची, की बाईंनी देहदान केलं होतं, त्यामुळे दहन झालंच नाही. एकजण हळूच हसली आणि म्हणाली, "हे त्यांनाच शोभतं गं."

का शोभतं, ते लिहून काढावं असं त्या दिवसापासून मनात आहे. मी हळू लिहिते. आयुष्य ग्रंथालयात गेलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी ठेवण्यात. बाईंबद्दल लिहिताना मात्र कुठलीच गोष्ट जागच्या जागी राहत नाही. एक आठवण काढायला जावं तर हातात दुसरीच येते.

बाई आम्हाला गृहशास्त्र शिकवायच्या. पेठेतली मुलींची शाळा, आठवी ते दहावी. हा विषय सोपा समजला जायचा. दुसऱ्या शाळेतल्या मुली या तासाला शिरा करायच्या, रुमालावर फुलं भरायच्या. आमचा तास सांगाड्यापासून सुरू व्हायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक खराखुरा मानवी सांगाडा होता, शाळेनं कुठल्या काळात घेतला कोण जाणे. विज्ञानाचे सर त्याच्याकडे फारसे जात नसत. आमच्या बाई वर्षाच्या पहिल्याच तासाला म्हणायच्या, "चला, ताईकडे जायचंय." दाराशी चपला काढायच्या, आत गेल्यावर नमस्कार करायचा, मग बाई कपाट उघडणार. सांगाडा बाईमाणसाचा आहे हे त्यांनी कमरेच्या हाडावरून ओळखलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं ताई. नव्या मुली आधी घाबरायच्या, मग तोंडाला रुमाल लावून हसायच्या. बाईंना हसलेलं चालायचं. नमस्कार चुकवलेला चालायचा नाही.

त्यांच्या कमरेला, किल्ल्यांचा जुडगा असावा तिथं, स्टीलचा एक लांब दांड्याचा चमचा खोचलेला असे. शिकवताना तीच त्यांची छडी. चमच्यानं ताईच्या मांडीच्या हाडावर टक् करून वाजवत त्या विचारायच्या, "हे कशानं भक्कम होतं?"

आम्ही एकमेकींकडे बघायचो.

"शिऱ्यानं नाही," त्या म्हणायच्या. "पुढं."

दंड, बरगड्या, मनगट, सगळीकडे चमचा वाजत जायचा. मणक्यांवरून तो खाली उतरायचा आणि कमरेपाशी आला की हवेतच थांबायचा. "इथून आपण सगळे आलो. पुढं," एवढंच म्हणून बाई गुडघ्यावर यायच्या.

त्यांची काही वाक्यं आमच्या पिढीच्या तोंडात बसली आहेत. "हाडं विशीपर्यंत ऐकतात. पुढं नुसती हो हो करतात." हे त्या इतक्या वेळा म्हणत, की वीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी आमच्यातल्या एकीनं बाईंना पत्र टाकलं होतं, "बाई, आजपासून माझी हाडं ऐकेनाशी झाली." थंडीत त्या तास गच्चीवर घ्यायच्या, पाठीवर ऊन येईल अशा रांगा लावून. मुख्याध्यापिकांनी विचारलं, हे काय चाललंय? बाई म्हणाल्या, "पाठ चालू आहे. मुलींची." ऊन लागल्याशिवाय खाल्लेलं दूधदुभतं हाडापर्यंत पोचत नाही, हे त्यांनी नंतर समजावून सांगितलं, पण उत्तर आधी दिलं. पुण्यात उत्तर आधी द्यावं लागतं.

मधल्या सुट्टीत तो चमचा आमच्या डब्यांत यायचा. बाई पटांगणातून फिरत, वाकून बघत, आणि खुशाल एक घास उचलत. माझ्या डब्यात पोळी, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं असायचं. "वा," त्या म्हणायच्या. "जीभ खूश आहे. बाकीच्यांचं काय?" तिळाची चटणी कुणी आणली तर तिच्या डोक्यावर हात ठेवायच्या. तीळ संक्रांतीलाच खायचे असं समजणाऱ्या घरांवर त्यांचा राग होता. "हाडांना कालनिर्णय वाचता येत नाही," त्या म्हणत. कारळ्याची चटणी, नाचणीची भाकरी, अळू, शेवग्याचा पाला, ही सगळी त्यांची लाडकी मंडळी. ज्या गोष्टी पाहुण्यांसमोर ठेवायला आपल्या आयांना लाज वाटायची, नेमक्या त्याच.

आमच्या वर्गात धायरीहून येणारी एक मुलगी होती. धायरी तेव्हा गावच होतं. ती एस.टी.नं यायची आणि डब्यात बाजरीची भाकरी न् मिरचीचा ठेचा आणायची. बाईंनी तिला विचारलं, "तुमच्याकडे म्हशी आहेत ना?"

"हायेत की, बाई. पाच हायेत."

"मग दूध, दही?"

"ते समदं पुण्याला येतं, बाई. रतिबाला."

"तूही रोज पुण्यालाच येतेस," बाई म्हणाल्या. "वाटेत कधी गाठ पडत नाही वाटतं तुझी आणि दुधाची?"

सगळ्या हसल्या, तीही हसली. पण पुढच्या रविवारी बाई धायरीला जाऊन तिच्या वडिलांना भेटून आल्या. काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. सोमवारी तिच्या डब्यात भाकरीबरोबर दह्याची वाटी होती. वडिलांना दादा म्हणणारी ती सांगत होती, "आमचं दादा म्हनलं, बाई लई वंगाळ बोलत्यात, पण खोटं न्हाई बोलत."

एक गोष्ट मात्र आम्हाला कोड्यात टाकायची. बाई स्वतः दूध घेत नसत. शिक्षकखोलीत शिपाईमावशी सगळ्यांचा चहा आणायच्या, त्यात एक कप काळा असायचा. तो बाईंचा. दही, ताक, पेढा, बासुंदी, दुधाचं म्हणून काहीच त्या तोंडाला लावत नसत. एकदा कुणीतरी धीर करून विचारलंच.

"माझं वय बघ," बाई म्हणाल्या. "माझं आणि माझ्या हाडांचं बोलणं कधीच बंद झालंय."

आम्ही हसलो. त्या तेव्हा पस्तिशीच्या असतील.

आता माझी गोष्ट. पाटीवरची पेन्सिल मला फार आवडायची. लिहायला नव्हे, खायला. पाटी केव्हाच सुटली होती, पण शाळेजवळच्या दुकानातून मी पेन्सिली घ्यायची आणि बाकाखाली मान घालून कुरतडायची. पावसानं भिजलेल्या मातीसारखी तिची चव जिभेवर घोळत राहायची. वर्गात हे करणारी मी एकटी नव्हते, पण सापडले मी. बाई माझ्या बाकापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "जीभ दाखव."

जीभ राखाडी होती.

मला वाटलं, आता वर्गासमोर उभं करतील. बाईंनी आवाज खाली आणला. "घरी दूध पितेस?"

"चहात असतं, बाई."

"घरात दूध येत नाही?"

"येतं. दादा पितो."

"आणि तू?"

"आत्या म्हणते, मला नको."

बाईंनी चमचा कमरेला खोचला. "शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर येते आहे," त्या म्हणाल्या. "आत्याला सांगू नकोस. पोहे करत बसतील."

माझी आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन आमच्याकडे आली ती कायमची. आई पोस्टात नोकरीला, सकाळीच घर सोडायची, त्यामुळे स्वयंपाकघर आत्याचं होतं. ती दुष्ट नव्हती. माझे केस तीच विंचरायची, तापात रात्र रात्र उशाशी तीच बसायची. पण दुधाच्या बाबतीत तिचं ठरलेलं होतं. सकाळी आलेल्या दुधातलं पेलाभर दादाला, चहापुरतं बाजूला, उरलेलं विरजणाला, आणि ते दहीही दादाच्या आणि वडिलांच्या पानात. मी तेराव्या वर्षीच वडिलांच्या खांद्याला लागले होते. आत्या मला रोज दाराच्या चौकटीशी ताडून बघायची आणि तिच्या कपाळावर आठी पडायची. दुधानं मुली वाढतात, लवकर मोठ्या होतात आणि उंच होतात, अशी तिची समजूत होती. ती एकटीची नव्हती. आमच्या आळीत अर्ध्या घरांत मुलींना दूध याच कारणानं मिळत नसे.

शनिवारी बाई आल्या. मी बाहेरच्या खोलीत दप्तर घेऊन बसून राहिले. बाई स्वयंपाकघरात गेल्या, त्याचं दार उघडंच होतं.

"बसा," आत्या म्हणाली. "चहा टाकते."

"कोरा."

"आमच्याकडे दूध आहे हो," आत्याला ते जरा लागलं.

"तेच बघायला आले आहे," बाई म्हणाल्या. "कुठं जातं ते."

थोडा वेळ भांड्यांचाच आवाज. मग आत्या म्हणाली, "कार्टीनं चुगली केली वाटतं."

"तिनं नाही, तिच्या जिभेनं केली. पाटीवरच्या पेन्सिली खाते ती."

"मग! पेन्सिली खाणाऱ्या पोटात दूध ठरणार कसं?"

"अहो आत्याबाई, दूध नाही म्हणून ती भिंत खायला निघाली आहे. तुमच्या घराची काळजी वाटून आले मी."

दुसऱ्या कुणाशी असं बोलल्या असत्या तर भांडण झालं असतं. पण आत्याही पुण्याचीच. ती म्हणाली, "आधीच ताडमाड चाललीय. आणखी दूध पाजून शिडी करू का तिची? आमच्यात सहा फुटी नवरे पिकत नाहीत. उद्या ही घरात राहिली तर तुम्ही सांभाळणार आहात?"

"उंची तिला तुमच्या घराण्याकडून आली. दुधाकडून नाही."

"मग दुधाकडून काय येतं?"

या प्रश्नाचं उत्तर बाई वर्गात रोज द्यायच्या. मी चमच्याच्या टक् आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. बाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो साधा होता.

"माझी थोरली बहीण उंच नव्हती," त्या म्हणाल्या. "ताई म्हणायची मी तिला. दूध भावांना आणि आम्ही दोघी चहावर. आणि घराबाहेर फारसं जायचं नाही, ऊन लागून काळ्या पडाल म्हणून. तुमच्या हिशेबानं अगदी बेताची वाढली. नवराही लगेच मिळाला. बाळंतपणाला आमच्याकडे आली. मूल नीट होतं, डोकं खाली होतं. यायला वाट नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढत्या वयात हाडं मऊ राहिली, अंगाच्या भारानं कंबर आत दबली. फार वेळ लागला. मी दाराबाहेर होते. शेवटी दोघंही गेली."

चुलीवर काहीतरी उतू गेलं आणि जळल्याचा वास आला. आत्या उठली नाही.

"केवढी होती?" तिनं विचारलं.

"हिच्याहून थोडी मोठी."

बाईंनी कोरा चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "सोमवारी गृहपाठ आण," आणि गेल्या.

सोमवारी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. मी ताईला नमस्कार केला तेव्हा पहिल्यांदाच हात नीट जोडले. चमचा मणक्यांवरून खाली आला आणि कमरेपाशी हवेत थांबला. आजवर इतक्या वेळा बघूनही मला ते दिसलं नव्हतं, की तो तिथं कधीच टेकत नाही.

आत्यानं मला दूध दिलं नाही. शब्द फिरवणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या पानाशी ताकाचं भांडं येऊ लागलं. "ताकाला हरकत नाही," ती कुणी न विचारताच म्हणाली. "ताकानं कुणी वाढत नाही. सांडू नकोस."

मी शाळेत जाऊन बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "ताक दुधाचंच असतं, हे त्यांना सांगू नकोस."

ते ताक पहिल्या आठवड्यात निवळीसारखं पातळ होतं. मग ते पांढरं झालं. दिवाळीपर्यंत भांडं कलतं केलं तरी ओघळायला वेळ लावू लागलं, आणि परीक्षेच्या सुमारास त्यात चमचा उभा राहायचा. आत्या त्याला ताकच म्हणायची. दादा एकदा म्हणाला, "आत्या, हे दही आहे." आत्या म्हणाली, "तू तुझ्या पानात बघ." माझ्या डब्यात कारळ्याची चटणी यायला लागली. बाई चमचाभर चाखून म्हणाल्या, "आत्याबाईंना सांग, मीठ कमी आहे." दुसऱ्या दिवशी आत्यानं माझ्याबरोबर बाईंसाठी बरणीभर चटणी पाठवली, निरोपासह: "मीठ बरोबर आहे. जीभ दाखवून घ्या म्हणावं."

पेन्सिली कधी सुटल्या ते आठवत नाही. पुढं एका डॉक्टर मैत्रिणीनं सांगितलं, की असली माती-खडूची ओढ बहुतेकदा रक्तात लोह कमी असलं की लागते. कॅल्शियमचा संबंध त्यात थोडाच. मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल. लोखंडही कमीच होतं तुझ्यात. म्हणूनच आत्याशी भांडली नाहीस." लगेच पुढं म्हणाल्या, "निदान भलत्या वाटेनं का होईना, योग्य घरी पोचले मी."

मी उंच झाले. नवरा माझ्यापेक्षा बोटभर बुटका मिळाला. मांडवात जाताना आत्या मागून कुजबुजत होती, जरा वाकून चाल गं. बाई अक्षता टाकायला आल्या होत्या. माझ्या कानाशी येऊन त्या एकच शब्द म्हणाल्या, "ताठ."

बाई स्वतः मात्र वाकत गेल्या. निवृत्तीनंतर त्या बिबवेवाडीत एका लहानशा फ्लॅटमध्ये एकट्या राहत. मी महिन्यातून एकदा तरी जायची. दर खेपेला त्या थोड्या आणखी खाली गेलेल्या असायच्या. आधी पाठीला पोक आलं, मग मान पुढं आली, शेवटी समोरच्याशी बोलायला त्यांना मान तिरकी करून वर बघावं लागे. "आता मला लोक चपलांवरून ओळखावे लागतात," त्या म्हणायच्या. "तुझ्या टाचा झिजल्यात. नव्या घे." त्यांचा कोरा चहा चालूच होता. चमचा ओट्यावर होता, कमरेला खोचायला कंबर सरळ उरली नव्हती.

अशाच एका दुपारी मी त्यांना म्हटलं, "बाई, सगळ्या शाळेला दूध पाजलंत. स्वतः का नाही घेतलंत?"

त्या नेहमीचं काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. पण खिडकीतून त्यांच्या मांडीवर ऊन आलं होतं, त्यात हात ठेवून त्या म्हणाल्या, "ताईचे दिवस झाले आणि दुसऱ्या सकाळी आईनं माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवला. भरून. तेव्हापासून रोज. रडायची आणि म्हणायची, पी गं बाई. मला ते घशाखाली उतरायचं नाही. मला वाटायचं, हे ताईचं आहे. ती होती तेव्हा का नाही ठेवलं? आईला वाटे मी तिच्यावर रागावले आहे. रागावले नव्हते. उतरत नव्हतं, एवढंच."

मग मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. "माझी हाडं ऐकत होती तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. तेवढं तुम्हाला सांगत राहिले."

त्याच दुपारी त्यांनी देहदानाचं सांगितलं. "ताईला जाळलं. तिच्या आत काय झालं होतं ते कुणी बघितलंच नाही. एक डॉक्टरीण म्हणाली आणि ताई राख झाली. मला जाळू नका. माझा कणा बघू देत पोरांना. अशी नमुनेदार पाठ त्यांना शोधून सापडायची नाही." आणि थोडं थांबून, "तेवढा एक तास राहिलाय माझा. तू लक्ष ठेव."

त्या गेल्या त्या सकाळी शेजाऱ्यांनी मला बोलावलं. त्यांचा भाचा, भावाचा मुलगा, परदेशात होता, त्याचा होकार आधीच होता. सोसायटीतल्या दोन वडीलधाऱ्यांना ते पटत नव्हतं. निदान अग्नी तरी द्या, असं ते सांगत होते. मी कधी कुणाशी वाद घालत नाही. त्या दिवशी म्हटलं, "त्यांचा तास आहे. आपण मध्ये बोलायचं नाही." ते वाटेतून बाजूला झाले. का झाले, ते मला अजून कळलेलं नाही.

गाडीबरोबर मी वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत गेले. शरीरशास्त्र विभागाच्या दाराशी पहिल्या वर्षाच्या काही मुली उभ्या होत्या, हातात फुलं घेऊन. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे म्हणे. बाईंना आत नेताना त्यांनी फुलं वाहिली आणि हात जोडले. एकीचा नमस्कार राहिला होता, तिला दुसरीनं कोपरानं ढोसलं, मग तिनंही घाईनं केला. आत जाण्यापूर्वी सगळ्यांनी चपला काढल्या होत्या.

बाई आत गेल्या. दार लागलं. मी बाकावर बसले. नमस्कार राहिलेली ती मुलगी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. लहानखुरी होती. पेला धरलेलं मनगट इतकं बारीक, की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल होता.

"काकू, बरं वाटतंय ना?" तिनं विचारलं.

मी पाणी प्याले. "सकाळी काय खाल्लंस?"

ती गोंधळली. "चहा घेतला ना. लेक्चरला उशीर होत होता."

मी त्या बंद दाराकडे बघितलं.

"या बाईंकडे शिकणार आहेस तू आता," मी म्हटलं. "नुसत्या चहावर जाऊ नकोस. त्यांना चालत नाही."